बागेतली कडू मेंदी

आमच्या मोहल्ल्यातल्या इवल्याशा बागेतलं पान न् पान मला ठावं होतं. कोणतं पान कशाचं, तेवढंच ठावं नव्हतं. परवा गल्लीत मेंदीचा वास आला अन् शेजारच्या वहिनीच्या पोरीचं लगीन आठवलं. आदल्या दिवशी वहिनी म्हणली, "भावजी, बागेतून मेंदीचा पाला आणा." म्या बागेच्या कुंपणाचा पोतंभर ओरबाडून आणला. पाट्यावर वाटताना बायका म्हणल्या, "वास लई उग्र येतोय." म्या म्हणलं, "सरकारी बागेतली हाय, तेज असणारच!" पोरीनं दोन घंटे हात पसरून धरले. धुतले तर हात कोरेच! ती रडायलाच लागली, "काका, रंग नाय चढला तर सासू माया करत नाय म्हणतेत." म्या पळत बागेत गेलो. माळी हसला, "अहो, कुंपणाची ती कडू मेंदी, तिला रंग नसतो. खरी मेंदी नळाजवळ हाय." ती आणली, पुन्हा वाटली, अन् सकाळी पोरीचे हात लालबुंद. आता जीव भांड्यात पडला, तर मला चेव आला. म्हणलं, "त्या कुंपणावालीच्या बी नावात मेंदी हाय, माझी काय चूक?" पोरगी हाताकडं बघतच म्हणली, "तुमच्या बी नावात राव हाय, काका. म्हणून काय राजे झालात व्हय?"