गाडग्याला घातलेला शर्ट

माझ्या थोरल्या जावेच्या घरात एखादी वस्तू उघडी दिसली, तर समजायचं की ती कालच विकत आणली आहे. लग्न होऊन मी रोहण्याला गेले त्या दिवशी मला फ्रीज सापडेना. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात फुलाफुलांचा झगा घालून काहीतरी उंच उभं होतं, तोच फ्रीज. मिक्सरला खोळ, सिलिंडरला झालरीची खोळ, टीव्हीला एक, त्याच्या रिमोटला एक, आणि शिलाई मशीनला दोन, रोजची वेगळी आणि सणाची वेगळी. फडताळातल्या मिक्सरच्या खोळीला तर गोंडे होते. एकदा लांबच्या नात्यातल्या एक पाहुण्या आल्या, त्यांनी चपला काढल्या आणि त्या मिक्सरला मनोभावे हात जोडले. आम्ही दोघी जावा तोंडात पदर कोंबून मागच्या दारी पळालो.

मी हिंगणघाटच्या कापड दुकानदाराची मुलगी. आमच्याकडे कापड मोजून विकायचं, सिलिंडरला नेसवायचं नाही. सुरुवातीला मला या खोळींचा रागच यायचा. पाणी प्यायला जावं तर माठाची टोपी काढा, टीव्ही लावावा तर आधी पडदा वर करा. मी नवऱ्याला म्हणायचे, तुमच्या घरात चहा करायचा म्हणजे चार जणांचे कपडे उतरवावे लागतात. तो हसायचा. त्या घरात वाढलेल्या माणसाला उघडा मिक्सर पाहिला की लाजल्यासारखं होत असावं.

पण माझा राग टिकला नाही, कारण मी बाईंना काम करताना पाहिलं. थोरल्या जावेला मी बाई म्हणते. बाई कधी मापाची टेप लावत नाहीत. वस्तू पुढ्यात ठेवतात, तिच्याभोवती सुतळी फिरवून गाठ मारतात आणि त्या गाठीवरून कापतात. कापड घरातलंच: सासूबाईंची जुनी लुगडी, चादरी, पडदे, आणि माझ्या माहेरून येणारे ताग्यांचे शेवट. मग लांब लांब धावदोरा घालून कच्ची खोळ चढवतात आणि दोन-चार दिवस काहीच करत नाहीत. नुसत्या बघतात. कोणाचा हात कुठून येतो, झाकण कोण कोणत्या बाजूने ओढतो, कोण घाईत असतं, कोणाला एकाच हाताने उघडायची सवय आहे. एवढं झालं की उसवतात आणि मग पक्की शिवतात.

"खोळ काई वस्तूसाठी नसते वं," त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. "ते वापरनाऱ्यासाठी असते. वस्तूले काय कळते?"

रिमोटची खोळ त्यांनी अशी केली की आवाज वाढवायचं बटण कापडावरूनही बोटाला लागायचं, कारण घरातले सगळे आवाजच वाढवायचे. मी शाळेत पोरांना शिकवते. इतक्या बारकाईने मी एकाही वर्गाकडे पाहिलेलं नाही, आणि हे मी कोणाहीपुढे म्हणायला तयार आहे.

माझे भासरे, म्हणजे बाईंचे यजमान, यांना या सगळ्याचं कौतुक शून्य. त्यांचा जीव संत्र्याच्या बागेत. बाग गावापासून लांब, आणि शेतीची लाईट येते बहुतेक रात्री, कधी दिवसाही, त्यामुळे उन्हाळाभर ते बागेतल्या झोपडीतच राहायचे. मोटार चालू करायची, आळ्यांत पाणी फिरवायचं, दिवसा वाळलेल्या फांद्या छाटायच्या. एरवी घरात पाहुण्यासारखे वावरणारे भासरे बागेत गेले की चालही बदलायची. झाडांशी ते बोलायचे, आणि आमच्याशी बोलायचे त्यापेक्षा जास्त बोलायचे.

मग त्यांना साखर निघाली. बरीच वर्षं गोळ्यांवर भागलं, पण त्या वर्षी सावंगीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आता इन्सुलिन घ्यावं लागेल, सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी. भासऱ्यांनी सुईचं काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "हे औषध वावरात राहीन का?"

खरा पेच तोच होता. इन्सुलिन उन्हात नासतं, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात झोपडीत ठेवलेलं मेणबत्तीचं पाकीटही वाकून बसतं. झोपडीत फ्रीज कुठून आणणार? पुण्याला नोकरी करणारा त्यांचा मुलगा, माझा पुतण्या, फोनवर म्हणाला, बाबांनी आता घरी राहावं, बाग मक्त्यानं देऊन टाकावी. भासरे खिडकीतून बाहेर बघत बसले, आणि त्यांचं ते बघणं मला आजही आठवतं. बाग दुसऱ्याच्या हातात गेली असती तर ते आजारानं नाही, रिकामं बसून संपले असते. हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

तोड डॉक्टरीणबाईंनीच सुचवली. फ्रीज नसेल तर मातीचं छोटं भांडं घ्या, बाटली कोरड्या डबीत घालून आत ठेवा, भांड्याला बाहेरून ओलं कापड गुंडाळा, सावलीत, वाऱ्याला ठेवा. कापड वाळू द्यायचं नाही. एवढं ऐकलं आणि बाईंचे डोळे चमकले. आयुष्यभर ज्या माणसाने त्यांच्या एकाही खोळीकडे पाहिलं नाही, त्याची बाग आता एका खोळीवर अडली होती. एसटीत बसल्या बसल्या त्यांनी पर्समधून सुतळी काढली.

घरात दह्याची दोन गाडगी होती, सारखीच. त्यातलं एक बाईंनी घासून, उन्हात वाळवून औषधासाठी घेतलं. सासूबाईंच्या हिरव्या लुगड्याची छान नाडीवाली खोळ शिवली, वर लटकवायला कडी, खाली पाणी ठिबकायला जागा. भासऱ्यांनी ती फांदीला टांगली, ओली केली, आणि आत हात घालून म्हणाले, "गार लागते बाप्पा." त्यांच्या तोंडून खोळीबद्दल निघालेलं हे पहिलं वाक्य. बाई दिवसभर स्वयंपाकघरात गुणगुणत होत्या.

आता उरलेल्या तुकड्याचं काय करायचं? टाकायचं? बाईंच्या घरात? त्यांनी त्याची दह्याच्या दुसऱ्या गाडग्याला खोळ शिवली. तेच गाडगं, तेच हिरवं लुगडं, तीच नाडी. उघड्या गाडग्यात दही लावायचं म्हणजे त्यांच्या जिवाला बरं वाटेना. अशी चूक दुसऱ्या कोणत्याही घरात होऊ शकली नसती, आणि आमच्या घरात ती झाल्याशिवाय राहिली नसती.

नोकरीमुळे मी एरवी बाहेरगावी असते, पण त्या सुट्टीत रोहण्याला होते. भासरे संध्याकाळी घरी आले, गाडगं माठाशेजारी ठेवलं, दाढी केली, डबा आणि गाडगं उचललं आणि गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई दही वाढायला गेल्या. नाडी सोडली, आत हात घातला, आणि हातात इन्सुलिनची डबी आली.

आधी आम्ही दोघी हसलो. खरंच हसलो. भासरे बागेत नाडी सोडून दह्याकडे बघत असतील, हे डोळ्यापुढे आलं. मग बाईंचं हसू एकदम थांबलं. काल संध्याकाळची सुई गेली, आज सकाळचीही गेली, आणि हा माणूस परत आला नव्हता. फोन लावला तर वाजत राहिला.

मी स्कूटी काढली. बाईंनी मांडीवर गाडगं धरलं आणि साखर तपासायचं मशीन पिशवीत टाकलं (त्यालाही खोळ होतीच). भर दुपारची वेळ, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. भासरे बागेच्या मधोमध, आळ्याच्या कडेला बसलेले सापडले. ओठ पांढरे, जीभ कोरडी. बोलणं जड आलेलं. दही त्यांनी भाकरीशी खाऊन टाकलं होतं.

"घरी काऊन नाई आले?" बाई ओरडल्या.

"दोन सुयांनं काय होते? लाईट होती. पानी सोडून येतो का?"

"अन् सोता पेलं का पानी?"

सकाळपासून पाणी झाडांनी प्यायलं होतं, यांनी नाही. मशीनने आकडा दाखवलाच नाही, नुसतं जास्त आहे एवढं सांगितलं. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, घेऊन या, लगेच. शेजारच्या बागवाल्याच्या गाडीतून आम्ही त्यांना सावंगीला नेलं.

जिवावरचं टळलं. सलाईन लागलं, साखर उतरली, दुसऱ्या दिवशी भासरे खाटेवर उठून बसले आणि मोटार कोणी बंद केली ते विचारू लागले. पण पुण्याहून पुतण्याचा फोन आला. त्याचा आवाज मला बाजूला बसूनही ऐकू येत होता. पोरगा घाबरला होता, म्हणून चिडला होता. बस झालं म्हणाला. बाग मक्त्यानं द्या, बाबांना घरी ठेवा, तू आई असल्या खोळीबिळी करत बसतेस आणि इकडे माणूस जातो.

मला वाटलं बाई रडतील. त्या रडल्या नाहीत. भासरे खाटेवर पडून छताकडे बघत होते, नेमके त्या दिवशी खिडकीबाहेर बघत होते तसेच. बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि फोनमध्ये शांतपणे म्हणाल्या, "बाबू, चूक माह्या खोळीची हाय. वावराची नाई. मी माही चूक दुरुस्त करतो. तू त्यायचं वावर नोको काढू."

पलीकडे पोराचा आवाज खाली आला. इकडे भासऱ्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्यासाठी असं उभं राहिलेलं मी दुसरं कोणी पाहिलेलं नाही. त्या वेळी उठून बाईंच्या पाया पडावंसं वाटलं, पण वॉर्डात सगळे बघत होते.

घरी आल्यावर बाईंनी आधी दह्याच्या गाडग्याची खोळ काढून घेतली. ते गाडगं आता त्यांच्या घरात एकटं उघडं असतं, आणि तिकडे बघताना त्यांना अजून अवघडल्यासारखं होतं. मग कपाटातून भासऱ्यांचा एक जुना, विटका सुती शर्ट काढला, निळ्या रेघांचा. बटणपट्टी तशीच ठेवली, खिसाही ठेवला, आणि त्याची नवी खोळ केली. बटणं उघडली की डबी, खिशात सुया. कॉलरच्या जागी टांगायची कडी. गाडग्याला तो शर्ट घातला तेव्हा ते पोट सुटलेल्या तलाठ्यासारखं दिसायला लागलं.

"आता सोताचा शर्ट तं वळखतीन," बाई म्हणाल्या.

भासरे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "हा माह्या आवडीचा होता." पण शर्ट घेऊन ते बागेत गेले. पुतण्याने एकच अट घातली होती: उन्हाळा संपता संपता तपासणी करायची, आणि ती नीट आली नाही तर बाग सोडायची.

त्या तपासणीला मीही गेले होते. बाईंच्या हातात सुतळीचा गुंडा होता, आणि डॉक्टरीणबाई कागद वाचत होत्या तेवढ्या वेळात त्यांनी त्याला गाठीच गाठी मारून टाकल्या. डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. साखर चांगली आहे म्हणाल्या, खूपच चांगली. आणि एक गोष्ट त्यांना विशेष वाटली. भासऱ्यांना म्हणाल्या, "वजन सुधारलं, चेहराही तरतरीत दिसतो. दुपारी आराम करता वाटतं? पाणी नीट पिता?"

"आराम कुठचा," भासरे कुरकुरले. "हे खोळ वाळतेच लवकर. घडीघडी भिजवा लागते. फांदी छाटाले लागलो का वाळली, आळं कराले लागलो का वाळली."

बाग राहिली. पुतण्याला तिथूनच फोन केला. भासरे औषधं घ्यायला गेले, आणि आम्ही दोघी बाकावर बसलो. मला राहवेना. मी म्हटलं, "बाई, खोळ दुहेरी करून द्या ना. दुकानातलं जाड मांजरपाट पडलंय माझ्याकडे. एवढं चांगलं काम केलं तुम्ही, तेवढी एक कसर काऊन ठेवता?"

बाई गुंड्याच्या गाठी सोडवत होत्या. त्यांनी वर पाहिलंही नाही.

"जाड मले शिवता येत नाई का? तीन पदरी केली असती तं एक डाव भिजवून दिवसभर ओली राह्यली असती."

"मग?"

"मंग हे दिवसभर उन्हात राह्यले असते." त्यांनी रांगेत उभ्या असलेल्या भासऱ्यांकडे पाहिलं. "माह्यासाठी सावलीत नाई येत, पोरासाठी नाई येत. औषधासाठी येतात. खोळ वाळली का झाडाखाली या लागते, पानी घ्या लागते. पानी हातात घेतलं का दोन घोट सोताही पेतात. मंग जरा टेकतात. म्हनून एकच पदर ठेवला."

भासरे औषधांची पिशवी घेऊन येताना दिसले. बाईंनी गुंडा घाईघाईने पर्समध्ये टाकला.

"सांगू नोको वं त्यायले," त्या म्हणाल्या.