न्हाल्यानंतरचा दुसरा दिवस

माझी थोरली बहीण रुपी ही साखरशेतची सून. लग्नाला वीस वर्षं झाली तरी मूल नाही. नागलीची रोपं लावण्यात तिचा हात धरणारी गावात कोणी नाही, पण लोकांना त्याचं काय! बारशाला तिला मागे बसवायचे आणि ती मुकाट्याने बसायची. संताप मला यायचा.

नाशिकच्या डॉक्टरीणबाईंचं नाव मीच सुचवलं. त्यांच्याच गोळ्यांनी मला धनेश झाला. "पाळीच्या दुसऱ्या दिवशी या," असं बाईंनी सांगितलं होतं. रुपी दर खेपेला जव्हारहून एसटीने नेमाने गेली, गोळ्या खाल्ल्या, तपासण्या केल्या आणि काहीच झालं नाही. हिला औषध लागू पडत नाही, असं ठरून गेलं. सासू उघडपणे दुसऱ्या सुनेचं बोलू लागली. तिचे यजमान, पंढरी भावजी, नुसते जमिनीकडे बघत बसायचे.

शेवटचं एकदा म्हणून यंदा मी सोबत गेले. बाईंनी विचारलं, "आज कितवा दिवस?"

"दुसरा," रुपी म्हणाली.

मी चमकले. आठवड्याच्या सुरुवातीला मी तिच्याकडे गेले होते, तेव्हाच ती बाजूला बसलेली होती.

"अगं, दुसरा कसा?"

"काल नाय का डोक्यावरून पानी घेतला? त्याच्या आधीचं दिस कशे मोजायचं? त्या दिसांत घराभायेर पडायचाच नाय."

तिच्या सासरची रीतच तशी. बाजूला बसल्याचे दिवस कुणी धरतच नाही. इतकी वर्षं तिने तिच्या हिशेबाने खरं तेच सांगितलं होतं आणि गोळ्या दर वेळी उशिरा सुरू झाल्या होत्या. तेवढ्यामुळेच मूल राहिलं नाही असं सांगता येणार नाही, असं बाई म्हणाल्या. पण आता चाळिशी उलटली, उशीर झाला, हेही त्यांनी सांगून टाकलं.

स्टँडवर मला रडू आवरेना. पाळीचे दिवस कसे मोजायचे हे आम्हाला आश्रमशाळेत फळ्यावर लिहून शिकवलं होतं. मी रागाने म्हणाले, "तू का नाही गं आलीस शाळेत?"

तिने पदराने माझं तोंड पुसलं. "आय वीटभट्टीवर जायची. शाळंत कशी येनार? माझ्या कडंवर तू व्हतीस ना."