आप्पासाहेबांचा फेटा आणि अकरा साक्षीदार

एका खटल्याच्या पेशीला गावची पंधरा-वीस माणसं वर्षभर जालन्याला जायला लागली, की किस्से आपोआप साठतात. मोटारीत साठतात, कोर्टाच्या पायरीवर भाकरी सोडताना साठतात. आमच्या आप्पासाहेबांच्या खुनाचे तर इतके साठले, की कोणता आधी सांगू!

आधी काय झालं ते ऐका. निजाम जाऊन थोडीच वर्षं झाली होती. इलेक्शनची हवा होती, आप्पासाहेब उभे राह्यले होते. राजूरच्या गणपतीला नारळ फोडून ते आपल्याच गावात सभेला आले. पुढारी आला की आमच्याकडं उखळीचा बार काढायचे. लोखंडी उखळीत दारू ठासायची, वात लावायची, धडाम्! उखळी होती नामदेवची, अन् नामदेव दुसऱ्या पार्टीचा. पण गावात उखळी एकच! तो पारासमोर वीस पावलांवर वात धरून बसला. आप्पासाहेबांनी पारावर उभं राहून बोलायला तोंड उघडलं, बार झाला, अन् ते कोसळले. डोक्यात गोळी.

सगळ्यांनी आवाजाकडं पाह्यलं. तिथं धूर, अन् धुरात नामदेव. झालं! अकरा जणांनी सांगितलं, "नामदेवनं समोरून गोळी घातली." आता त्याला फाशीच, असं सगळे म्हणत. त्याची बायको कौसा दर पेशीला आमच्याच मोटारीत, मागच्या सीटवर बसायची. मी सोडून तिच्याशी कोणी बोलायचं न्हाई.

*

फौजदार भोकरदनहून पोचला दुसऱ्या दिवशी सकाळी.

"मुडदा कुठंय?"

"जाळला," पाटील म्हणाले.

"डॉक्टरनं तपासायच्या आधी?"

"साहेब, दिवस मावळायच्या आत न्यायचं असतं. डॉक्टर जालन्यात, दिवस मावळतो इथं!"

*

पुराव्याला राह्यला होता त्यांचा एक फेटा, तोही मी धुतला. शेजारी मयत झालेली, धुणं माझ्या अंगावर आलं. थंड पाण्यात भिजवून, रिठा लावून असा काढला की एक डाग दिसेना.

कोर्टात सरकारी वकील माझ्यावर खवळले. "बाई, तुम्ही पुरावा धुऊन टाकला!"

"रक्ताचा कपडा घरात कोण ठेवतं?" मी म्हणलं. "अन् भोकं तर न्हाई नं शिवली!"

जज्जसाहेब खाली बघून चष्मा पुसत राह्यले.

*

बंदूक केवढी होती, असं गंगूबाईला विचारलं. तिनं दोन्ही हात पसरून मुसळाएवढी दाखवली. तिच्यामागून तुकाराम शिंपी गेला. त्यानं दाखवली वीतभर.

तिसरा विठोबा, मोठा हुशार गडी. आत जायच्या आधी त्यानं पायरीवर दोघांना माप विचारून घेतलं, अन् आत जाऊन बराबर मधलं दाखवलं!

*

त्या तुकारामाचाच आणखी एक. नामदेवच्या वकिलानं त्याला विचारलं, "बार झाला तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"शाळेच्या भिंतीमागं."

"काय करत होता?"

"लघवीला गेल्तो, साहेब."

"मंग गोळी घालताना पाह्यलं कसं?"

तुकारामला रागच आला. "आता सगळ्यांनी पाह्यलं म्हणल्यावर मी एकट्यानंच न्हाई पाह्यलं व्हय?"

*

तिसऱ्या दिवशी राख सावडताना आप्पासाहेबांचा थोरला, माधव, याला शिशाचा गोळा सापडला होता. वितळून पार बेढब झालेला. तो कोर्टात दाखवला त्या दिवशी परतताना मी कौसाला म्हणलं, "गोळी डोक्यातच राह्यली होती गं. आरपार गेलीच न्हाई. म्हणजे फेट्याला भोकं एकाच बाजूला."

"कोणत्या बाजूला, मावशी?"

"आता कसं सांगू?" मी म्हणलं. धुऊन वाळवला की फेटा म्हणजे नुसतं लांब कापड. त्यात पुढं कुठं अन् मागं कुठं!

राजूर आलं, तशी कौसा म्हणाली, "पण बांधणारा जिता आहे की!"

*

बांधणारा म्हणजे दगडू. आप्पासाहेबांचा फेटा सभेच्या सकाळी त्यानंच बांधला होता, अन् दर वेळी तोच बांधायचा. कौसानं वकिलाला सांगितलं, वकिलानं दगडूला कोर्टात उभं केलं.

"त्या दिवशीसारखा बांधता येईल?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"माझा हात बदलत न्हाई, साहेब. पण डोकं पायजे."

इथं सगळं अडलं. मेलेल्या माणसाचा फेटा डोक्यावर घेणार कोण? शिपाई मागं सरकला. कारकून कागदात डोकं घालून बसला. नामदेवचे वकीलसाहेब म्हणाले, "माझे वडील जिवंत आहेत हो!"

तेवढ्यात मागून कौसा ओरडली, "बापाचा फेटा लेकानं बांधावा की! त्यात कसला आलाय अपशकुन?"

सगळ्यांनी माधवकडं पाह्यलं. तो उठेना. जज्जसाहेबांनी बोलावलं, तेव्हा उठला.

दगडूनं पदर दातात धरला अन् एकेक वेढा घ्यायला लागला. लांब लांब पडलेली भोकं एकमेकांवर येऊन बसत गेली. शेवटचं टोक खोचलं अन् तो बाजूला झाला. समोर कपाळावर कापड साफ, एक भोक न्हाई. जज्जसाहेबांनी माधवला पाठमोरं वळवलं. मानेच्या वर, बराबर मधोमध, सगळी भोकं एकाला एक लागून. त्यांनी आपला लिहायचा टाक त्यात घातला. सरळ आत गेला.

कौसाचा हात माझ्या दंडात रुतला.

"गोळी मागून आली," जज्जसाहेब म्हणाले. "तुमचे वडील बोलायला उठले तेव्हा पारावर त्यांच्या मागं कोण उभं होतं?"

माधवनं आमच्या गावच्या त्या अकरा साक्षीदारांकडं पाह्यलं. एकानंही मान वर केली न्हाई.

"मी, साहेब," तो म्हणाला. "एकटा मीच."