अगस्त्याच्या वरचा फिकट तारा

आम्ही सोलापुरात शुक्रवार पेठेत भाड्यानं राहत होतो. वर मातीचं माळवद होतं, आणि दिवेलागणीनंतर गार वारा लागावा म्हणून आम्ही दोघं तिथं जाऊन बसत असू. हे शाळेत शास्त्र शिकवायचे. त्यांच्याकडे एक इंग्रजी नकाशा होता, ताऱ्यांचा. कंदील बारीक करून ते तो मांडीवर पसरत आणि मला एकेक तारा दाखवत. मी मंद्रूपची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. मराठी तिसरीपर्यंत शिकलेली. आमच्या माणसांत हेच पहिले मास्तर झालेले, त्यामुळं ते शिकवतील ते मी मुकाट्यानं शिकत होते. नंतर नंतर मला त्याची गोडी लागली.

दक्षिणेकडं अगस्त्य ठळक दिसायचा. पौषापासून मी त्याच्या आसपासचे बारके तारे मनात बसवले होते. फाल्गुनात एका संध्याकाळी वाळलेल्या कुरडया गोळा करायला वर गेले आणि सहज तिकडं पाहिलं, तर अगस्त्याच्या वर, जरा डाव्या हाताला, एक फिकट तारा. तांबूस. तिथं आधी काही नव्हतं.

मी यांना हाक मारली. त्यांनी नकाशा पाहिला, आकाश पाहिलं, पुन्हा नकाशा पाहिला.

"नकाशात नाही," ते म्हणाले. "तुझी खात्री आहे, आधी नव्हता?"

"माघात तरी नव्हता."

चार-पाच दिवस आम्ही रोज पाहिलं. तारा तिथंच होता. मग यांना राहवेना. त्यांनी हेडमास्तरांना सांगितलं. हेडमास्तर उत्साही गृहस्थ. त्यांनी सगळ्या पेठेला सांगितलं. मास्तरांच्या बायकोनं नवा तारा शोधला! नळावर बायका मला आधी पाणी भरू द्यायला लागल्या. मला ते नको वाटे आणि, खरं सांगायचं तर, बरंही वाटे.

शाळेत माझा सत्कार करायचं ठरलं. पुण्याचे एक निवृत्त प्रोफेसर आपल्या मुलाकडं सोलापूरला येणार होते, त्यांना अध्यक्ष नेमलं. त्यांना एवढंच कळवलं होतं की आकाशावर दोन शब्द बोलायचे आहेत. यांनी मंद्रूपला निरोप धाडला आणि माझे वडील, आमचे आबा, नवं पागोटं बांधून सकाळीच हजर झाले. खांद्यावर घोंगडी. हेडमास्तरांनी त्यांना मानानं पुढच्या खुर्चीवर बसवलं. खुर्चीत कसं बसावं ते त्यांना सुचेना, म्हणून कडेला टेकून ताठ बसले.

प्रोफेसरांची गाडी कुर्डुवाडीला अडकली होती. वाट पाहून हेडमास्तरांनी कार्यक्रम सुरू केला. माझी ओटी भरली, गळ्यात झेंडूचा हार घातला आणि बोला म्हणाले. मला एवढंच बोलता आलं, "मी कुरडया काढायला गेले होते." सगळे हसले, पण ते हसणं मायेचं होतं.

तेवढ्यात प्रोफेसर आले. घामेजलेले, वयस्कर. हेडमास्तरांनी घाईघाईनं त्यांना सारी हकीकत सांगितली. त्यांनी तारा कुठं दिसला ते यांना बारकाईनं विचारलं. मग उठले.

"या बाईंची नजर चांगली आहे," ते म्हणाले. "पण चुकीचं सांगून मला इथून जाता येणार नाही. हा तारा नवा नव्हे. जाणकारांना तो पुष्कळ वर्षांपासून माहीत आहे. त्याचा उजेड कमीजास्त होत असतो, म्हणून तो मध्येच दिसेनासा होतो आणि पुन्हा दिसतो. दिसायला फिकट, पण आहे राक्षसी तारा. आपला सूर्य त्याच्यापुढं वाटाण्याएवढा. फक्त फार लांब आहे."

सभागृह चिडीचूप झालं. यांची मान खाली गेली होती. माझ्या गळ्यात हार तसाच. काढावा तर सगळ्यांच्या डोळ्यांवर येईल, ठेवावा तर कशासाठी ठेवायचा? मी दोन्ही हातांनी तो नुसता धरून बसले.

आणि त्या शांततेत टाळ्या वाजल्या. एकट्या माणसाच्या. आबा टाळ्या वाजवत होते. पुण्याचं ते बोलणं त्यांना कळलं नव्हतं. राक्षसी तारा, सूर्य वाटाण्याएवढा, तेवढंच त्यांच्या कानात शिरलं होतं. मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. मग बरेच जण हसले. ते हसताहेत म्हणून आबांनी वळून सगळ्यांकडं पाहिलं आणि आणखी जोरात टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर ते म्हणाले, "सूर्यापरीस मोठा म्हनं! लई नाव काढलंस, पोरी."

मी यांच्याकडं पाहिलं. यांनी माझ्याकडं. मी भाकरी थापायला बसले. जेवून आबा मंद्रूपला निघाले, आठवड्याच्या बाजारात सगळ्यांना सांगतो म्हणाले.

त्यानंतर नळावर कुणी वाट दिली नाही. गल्लीतली पोरं यांना पाहिलं की "राक्षस आला, राक्षस" म्हणत पळायची. प्रोफेसर भले माणूस. दुसऱ्या संध्याकाळी ते आमच्याकडं आले आणि त्या ताऱ्याचा उजेड रोज पाहून टिपून ठेवा, त्याचा उपयोग असतो, म्हणाले. मी स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकलं. बाहेर गेले नाही. माळवदावर जायचंही सोडलं. कुरडया शेजारणीकडून काढून घेतल्या.

आबा मधूनमधून येत राहिले. शेव-चिवडा आणत, नातवंडं कधी होणार विचारत. ताऱ्याचं नाव मात्र काढत नसत. मी मनात म्हणायची, विसरले, बरं झालं.

पुढल्या माघात ते घोंगड्या विकायला आले आणि मुक्कामाला राहिले. तिन्हीसांजा झाल्या तसे म्हणाले, "चल वर. दाव मला तुजा तारा. मी कवा बगितलाच न्हाय."

वर्षानंतर मी माळवदाची शिडी चढले. अगस्त्य जागेवर होता. मी वर पाहिलं, डावीकडं पाहिलं. आजूबाजूचे सारे बारके तारे होते, तेवढी जागा रिकामी.

"दिसत न्हाय, आबा," मी म्हटलं. लग्नानंतर सुटलेली घरची बोली तोंडात आली. "त्यो असाच जातो आन् येतो. आन् आबा... त्यो नवा न्हवता. लोकांना आदीच ठावं होता. तवा सबेत त्ये गुरुजी त्येच सांगत हुते."

"ठावं हाय मला," आबा म्हणाले.

"कवापासनं?"

"तवाच्याच बाजारापासनं. मी सांगाया लागलो, तर तितल्या मास्तरांनी समद्यांम्होरं सांगितलं, म्हातारबा, तुमच्या पोरीची फजिती झाली आन् तुमी टाळ्या वाजवल्या. मान्सं लई हसली."

"मग तुमी काय म्हनालात?"

"काय म्हननार? मीबी हसलो."

ते माळवदाच्या कठड्याला टेकून दक्षिणेकडं बघत उभे होते. त्यांनी मला पुन्हा विचारलं, नेमकी कुठली जागा. मी त्यांचा हात धरून बोट तिकडं वळवलं. ते बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडं बघत राहिले. मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना, म्हणून मीही तिकडंच बघत राहिले. खालून यांनी जेवायला हाक मारली तेव्हा आबा आधी उतरले. मी जरा थांबून, डोळे पुसून खाली गेले.