खोली पाहायला येणारा लिपिक

विद्यार्थ्यांना खोल्या भाड्याने द्यायच्या तर आता आमच्या नगरपरिषदेचा परवाना लागतो. त्यासाठी खोली तपासायला येणाऱ्या लिपिकाने मला उन्हाळाभर छळलं. पायऱ्यांपाशी चपला काढायच्या, शर्टाच्या खिशातला टेप काढून भिंती मोजायच्या आणि नम्रपणे म्हणायचं, "तुमचं बरोबर हाय सर, पन सई नाई होत."

आधी जिन्याला कठडा नव्हता, मग दाराला आतून कडी नव्हती. दोन्ही बसवून घेतलं. तिसऱ्या खेपेला त्याने खिडकी मागितली. केनवडच्या दोन मुली अकरावीसाठी राहायला यायच्या होत्या आणि परवाना दाखवल्याशिवाय त्यांचे वडील त्यांना पाठवणार नव्हते. माझा संयम सुटला.

"साहेब, तीन वर्षं अशाच बिनखिडकीच्या टिनाच्या खोलीत राहून मी पदवी घेतली. काय बिघडलं माझं? पंखा आहे ना वर!"

"लाईन त रोजच जाते," म्हणत त्याने पंखा बंद केला आणि आतून दार लावून घेतलं. दुपारचे दोन वाजले होते. मी बाहेर चरफडत उभा राहिलो. दहा मिनिटांनी तो बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

चष्मा पुसत तो म्हणाला, "तीन वर्सं काढली ना तुमी? मंग हे मी तुमाले काहून सांगून राह्यलो, सर?"

त्याच्याकडे न पाहता मी गवंड्याला फोन लावला.