बीडच्या रिपोर्टचं काय खरं

काल सर गेले आणि आज अख्ख्या बीडला अचानक आठवलं की सर बीडचे होते.

चौकात फ्लेक्स लागलाय. "भूमिपुत्र" म्हणे.
सरांचा फोटो मधे, आणि वर सात पुढाऱ्यांचे फोटो त्यांच्यापेक्षा मोठे.

यातल्या एकानेही सरांची लॅब धड पाहिलेली नाही. कोविडमध्ये एक जण आला होता. मशीनवर हात ठेवून फोटो काढला आणि गेला. मशीन बंद होतं, तेही त्याला कळलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी सरांच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे.

नवनाथ सर मूळ तलवाड्याचे. एमएस्सी केमिस्ट्री. संभाजीनगरला औषध कंपनीत बारा वर्षं गोळ्या तपासल्या. मग चांगली नोकरी सोडून बीडच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये कंपनी काढली. मॉलिक्युलर डायग्नोस्टिक्स. म्हणजे नमुन्यातल्या डीएनएवरून आजार ओळखायची किट बनवायची.

त्यांचे चुलते भर पंगतीत म्हणाले होते, "एवढं शिकून मेडिकल टाकायचं सोडून ह्ये काय काढलं बे?"

आधी टीबीचं किट केलं. मग कोविडचं. त्यात जे कमावलं ते सगळं एकाच कामात घातलं: बायकांच्या गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. तो ज्या विषाणूमुळे होतो, तो अंगात आहे की नाही हे सांगणारी टेस्ट.

कशासाठी, हे इथल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही.

दसरा झाला की ऊसतोडीच्या गाड्या निघतात. फडात बाई आजारी पडली की खाडा, आणि खाड्याचा दंड. म्हणून जायच्या आधीच दवाखान्यात न्यायचं. डॉक्टर म्हणणार, "पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल." की टाकली काढून.
तिशीसुद्धा न गाठलेल्या बायका!

सर म्हणायचे, "भीती घालतेत ना? मग ती खरी हाय का खोटी, ते तपासता आलं पायजे. आपलं काम तेवढंच हाय."

किटचे डबे घेऊन आम्ही दवाखाने पालथे घातले. एका डॉक्टरने चहा पाजून तोंडावर सांगितलं, "टेस्ट चांगली आहे हो. पण ती 'काही नाही' असं सांगणार. मग मी काय करू?"

सर किटचा डबा उचलून खाली आले. त्यांच्या जागी मी असते तर त्याचा चहा त्याच्याच टेबलावर ओतला असता.

हेच डॉक्टर आज सकाळी ग्रुपवर लिहितात, "जिल्ह्याची मोठी हानी." पुढे हात जोडलेले.
लाज कशी वाटत नाही हो?

पण आज फक्त त्यांच्यावर चिडून मोकळं होता येत नाही मला.

माझी मोठी बहीण युसूफ वडगावला ऊसतोडीला जाणाऱ्या घरात दिलीय. तीन वर्षांपूर्वी तिच्या अंगावरून जायला लागलं, ओटीपोट दुखायचं. डॉक्टरने पिशवीच काढायला सांगितली. अक्का तेव्हा एकोणतीस वर्षांची होती.
मी तिला ओढतच लॅबला आणलं. टेस्ट सरांनी स्वतः लावली.

विषाणू आढळला नाही.

सर तिला म्हणाले, "बाई, मी डॉक्टर न्हाई. दुखतंय कशानं, ते चांगल्या डॉक्टरनीला दाखवा. औषधानं बरं व्हायचंही असंल. पण कॅन्सरच्या भ्यावानं पिशवी काढू नका."

घरी गेल्यावर दाजी म्हणाले, "बीडात बनल्याली टेस्ट. तिचं काय खरं? पुण्याचा कागद आण, मग बघू."

आणि मी काय म्हणाले असेन?
ज्या किटच्या नळ्या मी रोज माझ्या हाताने भरायचे, त्या किटबद्दल मी म्हणाले, "बरोबर हाय दाजी. पुण्याला पाठवू."

सरांना न सांगता दुसरा नमुना कुरिअर केला.

पुण्याचा रिपोर्ट यायला आठवडा लागला. गाडी तेवढं थांबणार नव्हती. पाचव्या दिवशी अक्काचं ऑपरेशन झालं.
सातव्या दिवशी कागद आला. विषाणू आढळला नाही.

मी पुण्याच्या लॅबला फोन लावला. कसली टेस्ट वापरता, विचारलं.
तिकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, किट तुमच्या बीडचंच आहे. आम्ही दुसरं वापरतच नाही."

आमचा माल डिस्ट्रिब्युटरकडून जायचा. पुढे कुठे जातो, मला ठाऊक नव्हतं. मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

सरांना एवढंच सांगितलं की अक्काची पिशवी काढली.
त्यांनी अक्काच्या रिपोर्टची प्रत काढून पाहिली. मग म्हणाले, "माझंच चुकलं. रिपोर्ट इंग्रजीत होता. घरच्यांना कळला नसंल."

त्या दिवसापासून प्रत्येक रिपोर्टखाली मोठ्या अक्षरात मराठी ओळ यायला लागली: 'घाईने पिशवी काढू नका. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.'
ती ओळ टाइप करायला त्यांनी मलाच बसवलं. मी केली. पुण्याच्या कागदाचं तेव्हाही सांगितलं नाही.

अक्का आज बत्तीस वर्षांची आहे. जिना चढताना कठडा धरते. अंगाची आग होते म्हणून थंडीत पंखा लावते.

परवा संध्याकाळी सर मला म्हणाले, "तुझ्या बहिणीचं अजून मनाला लागतं बघ." तेव्हा तरी सांगायला हवं होतं. उद्या सांगू म्हटलं.
काल सकाळी त्यांना अटॅक आला.

सर, रिपोर्ट सगळ्यांना कळला होता. तुमचं काहीच चुकलं नव्हतं.
तुमच्यावर विश्वास मी ठेवला नाही, आणि तीन वर्षं ते ओझं तुम्हाला वाहू दिलं.

माझा शेवटचा नमस्कार घ्या, सर. माफी मागायचं तोंड मला नाही.