कृष्णात पेंटरची जपानीण

आष्ट्याच्या पेठेतल्या पाट्या रंगवाव्यात त्या कृष्णात पेंटरनेच. अक्षरात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण माणसाचा चेहरा काढायचा म्हटलं की गडी गार पडायचा. एकदा त्याने एका पुढाऱ्याचं चित्र रंगवलं, तर पुढाऱ्याच्या बायकोनेच विचारलं, "हे कोन पाव्हनं?" सगळी पेठ हसली आणि ते हसू त्याला फार लागलं.

चौऱ्याण्णव साली सांगलीच्या एका पाण्याचे पंप विकणाऱ्याने त्याला जपानी कंपनीचं कॅलेंडर दिलं. त्यावर एका बाईचं चित्र होतं, लाकडी ठशांनी छापतात त्या जुन्या पद्धतीचं. ठळक रेघ, सपाट रंग, सावली कुठेच नाही. कृष्णातला वाटलं, हे तर आपल्या पाटीसारखंच, चेहरा शिकायचा तर हिच्यावरच. प्लायवूडवर खडूच्या दोरीने चौकटी मारून तो बसला. पण कपाळापासून हनुवटीपर्यंत सलग गेलेली रेघ काही जमेना. ब्रश सवयीने अक्षरासारखा मध्येच थांबायचा आणि बाईच्या गालाला कोपरा यायचा.

साथीला होती अक्का, म्हणजे त्याची थोरली बहीण शालूबाई. नवरा ऐन तिशीत गेला तेव्हापासून ती माहेरीच राहत होती. कॅलेंडर धरून समोर बसायची आणि कसलीही भीडभाड न ठेवता चुका काढायची.

"नाक लय खाली आलंय रं. परत काढ."

तो परत काढायचा. असं करत करत दिवाळीच्या तोंडावर ती रेघ एकदाची एका दमात उतरली. अक्का किती वर्षांनी मोकळी हसली.

कापड दुकानाचे लालासाहेब चित्रावर खूश झाले. दिवाळीला दुकानाच्या दारात लावतो म्हणाले. "पर कपाळ उघडं हाय की गड्या. सनासुदीला बरं दिसतंय व्हय?" बायकांच्या कपाळाची काळजी आपल्याकडे पुरुषांनाच फार!

"व्हय की," कृष्णात हसत म्हणाला, "आसलं कपाळ दारात कोन ठिवंल? अक्का, लाल डबा दे गं."

अक्काने टोपण उघडून डबा दिला. कृष्णातने ठसठशीत कुंकू काढलं आणि लालासाहेब चित्र घेऊन गेले. मग त्याने मागे वळून पाहिलं. अक्का मुकाट्याने ब्रश धूत होती, आणि तिचं कपाळ त्याला आत्ता दिसलं. शरमेने त्याचे कान तापले. जिने चेहरा शिकवला तिच्याच देखत आपण काय बोलून बसलो!

सकाळी तो तडक दुकानात गेला. "येडा झालास काय रं?" असं लालासाहेब ओरडत राहिले, तरी त्याने टर्पेंटाइनच्या चिंधीने कुंकू पुसलं. ओला रंग कपाळभर पसरला, भुवई गेली, एवढ्या मेहनतीच्या चित्राचं मातेरं झालं. झालं तर झालं, आपलं पाप तेवढं फिटेल, असं त्याला वाटलं.

घरी येऊन उंबऱ्यातूनच तो म्हणाला, "अक्का, चुकलो. ते कुंकू पुसून आलो बग."

अक्का तांदूळ निवडत होती. सूप बाजूला सारून ती म्हणाली,

"लावताना तुमी दोगांनी ठरीवलं, पुसताना तू एकट्यानं. माझं पुसलं तवाबी तू तितंच हुतास किसना. मला कुनी इचारलं हुतं?"

कृष्णातला उंबरा ओलांडायचा धीर झाला नाही.